चष्म्याच्या काचा आणि लाकडी ठोकळा: जुन्या यशिकासाठी घरी बनवलेल्या क्लोजअप सेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मिरजेतलं आहे. ज्याचा कॅमेरा आहे त्याने नाव घालू नको असं सांगितलंय, म्हणून त्याला इथे नुसतं नातू म्हणतो, कारण कॅमेरा आजोबांचा. आजोबांचा फोटो स्टुडिओ होता, डिजिटल आल्यावर हळूहळू बंद झाला, सामान विकलं गेलं पण एक यशिका-डी घरात राहिला. दोन लेन्सवाला टीएलआर, १९५८ मध्ये बाजारात आलेलं मॉडेल, वरच्या लेन्समधून बघायचं आणि खालच्या लेन्समधून फोटो निघतो, १२० चा रोल लागतो आणि एका रोलमध्ये सहा बाय सहाच्या १२ फ्रेम. ह्या कॅमेऱ्यावर यशिकॉर ८० मिलिमीटर एफ ३.५ लेन्स आहे, तीन काचांची. पूर्ण उघडी ठेवली तर कोपरे मऊ येतात पण एफ ८, एफ ११ ला (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र बारीक) अजूनही बघत राहावं असं काम करते.

नातवाने शटर साफ करून घेतलं, घरीच डेव्हलप करायला शिकला, आणि दोनेक वर्षं घाट, नदी, माणसं असे फोटो काढत होता. मग त्याच्या डोक्यात एक विषय पक्का बसला. मिरजेत सतारी आणि तानपुरे बनवणारी घराणी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले काही वाद्यांच्या कामाकडे वळले आणि पिढ्यानपिढ्या तेच करतायत, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं. पण ह्या कामाचे जे फोटो दिसतात ते बहुतेक एकाच पद्धतीचे, रांगेत लटकवलेले भोपळे आणि पुढे हसणारा कारागीर. नातवाला जवारीचे फोटो पाहिजे होते.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तानपुऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग सपाट दिसतो पण सपाट नसतो, त्याला अगदी बारीक बाक असतो, आणि तार त्या बाकावर किती लांबीभर हलकी घासते त्यावर तो गुंजणारा आवाज ठरतो. हा बाक म्हणजेच जवारी, आणि तो कानशीने काढतात. कारागीर दोनचार हात मारतो, तार परत बसवतो, तारेखालचा सुताचा दोरा, ज्याला जीव म्हणतात, तो पुढेमागे सरकवतो, छेडतो, कान खाली नेऊन ऐकतो, मग परत तार बाजूला, परत कानस. सगळं काम हातभर जागेत चालतं, आणि खरं महत्त्वाचं जे आहे ते वीतभर जागेत.

अडचण कुठे होती

यशिका-डी जास्तीत जास्त जवळ म्हणजे एक मीटरवर फोकस होतो. तिथे फ्रेममध्ये जवळपास ६० सेंटिमीटरचा चौकोन येतो. म्हणजे घोडी, हात, मांडी, अर्धा भोपळा, मागची भिंत सगळं येतं, आणि घोडी त्यात टिचभर. निगेटिव्ह मोठी आहे, कापून मोठं करता येतं हे खरं, पण मग मीडियम फॉरमॅट, म्हणजे एवढी मोठी फिल्म, कशासाठी वापरायचा. नातवाला २०-२५ सेंटिमीटरचा चौकोन पाहिजे होता ज्यात घोडी, तारा आणि बोटं एवढंच राहील.

दुसरी अडचण टीएलआरच्या मुळातच आहे. डोळा बघतो वरच्या लेन्समधून आणि फिल्म बघते खालच्या. ह्या कॅमेऱ्यावर दोन्हींच्या केंद्रांमधलं अंतर आम्ही व्हर्नियरने मोजलं, ४.२ सेंटिमीटर भरलं. दहा फुटांवरच्या माणसाला ४.२ सेंटिमीटरने काही फरक पडत नाही, पण २३ सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये तो जवळजवळ पाचवा हिस्सा होतो. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये घोडी मधोमध ठेवली तर फिल्मवर ती वर सरकणार आणि खाली नुसती तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, येणार.

तिसरी गोष्ट उजेड. कारखाना म्हणजे जुन्या घराची पुढची खोली, दारातून येणारा उजेड आणि एक ट्यूब. चारशेची फिल्म आणि एफ ११ धरलं तर मीटर १/४ सेकंद दाखवत होता. ट्रायपॉड तर लागणारच.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय विकत घ्यायचा. रोलाय कंपनीच्या रोलेनार नावाच्या क्लोजअप जोड्या असतात, बे-वन मापाच्या (लेन्सच्या पुढच्या खटक्याचं माप), त्या यशिका-डी वर बसतात. त्यात नंबर १ साधारण एक मीटर ते ४५ सेंटिमीटर, नंबर २ म्हणजे ५० ते ३१, आणि नंबर ३ म्हणजे ३२ ते २४ सेंटिमीटर. वरच्या लेन्सच्या काचेत प्रिझम पण असतं त्यामुळे फ्रेमचा सरकण्याचा प्रश्न बराच मिटतो. फार सुंदर वस्तू आहे, मी एकदा हातात घेतलीये. पण मागवायची परदेशातून, जुनी, बुरशी आहे की नाही ते फोटोवरून ओळखायचं, वर पोस्टेज आणि कस्टम. १२० चा एक रोल आज हजाराच्या पुढेमागे जातो, तेव्हा नातवाने सरळ हिशेब केला की त्या पैशात किती रोल होतात, आणि तो पर्याय बाजूला ठेवला. मला हा निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

दुसरा पर्याय म्हणजे दुसरा कॅमेरा, एसएलआर आणि मॅक्रो लेन्स, उसनी मिळत होती. त्याला तो नको होता, आजोबांच्याच कॅमेऱ्याने करायचं हे त्याचं आधीपासून ठरलेलं, त्यावर मी वाद घातला नाही.

तिसरा पर्याय घरी बनवायचा, आणि इथे चष्म्याचं दुकान येतं. क्लोजअप लेन्स म्हणजे शेवटी साधी प्लस पॉवरची काच असते. कॅमेरा इन्फिनिटीवर, म्हणजे अगदी लांबच्या फोकसवर, ठेवला आणि पुढे प्लस ३ ची काच लावली की फोकस बरोबर एक मीटर भागिले ३ म्हणजे ३३ सेंटिमीटरवर येतो, प्लस २ लावली तर ५० वर. ८० च्या लेन्सला ३३ सेंटिमीटरवर साधारण २३ सेंटिमीटरचा चौकोन मिळतो, ५० वर ३५ चा. लेन्स जागची पुढे सरकत नाही त्यामुळे एक्स्पोजर पण वाढवावं लागत नाही, हा मोठा फायदा. वाचायच्या चष्म्याचा नंबर प्लस ३ असणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, म्हणजे काच कुठल्याही गावात मिळते.

हे करायचं ठरल्यावर सुद्धा आत परत दोन वाटा होत्या आणि ह्या प्रकरणातला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग तोच आहे. एक वाट म्हणजे प्रत्येक लेन्सवर आपापली छोटी काच. दुसरी वाट म्हणजे दोन्ही लेन्सवर मिळून एकच मोठी काच.

एकच मोठी काच का नाही

चष्म्याची काच दुकानात येते तेव्हा गोल असते, न कापलेली, ७० मिलिमीटरच्या आसपास व्यासाची. चष्मेवाल्या काकांनी नातवाला एक तशीच बघायला दिली, त्याने ती हाताने कॅमेऱ्यासमोर धरली तर दोन्ही लेन्स तिच्या मागे झाकल्या गेल्या. आणि मग त्याच्या लक्षात आलं की फ्रेम सरकतच नाहीये! व्ह्यूफाइंडरमध्ये जे मधोमध तेच फिल्मच्या जागी मधोमध.

ह्याचं कारण सोपं आहे पण पटकन सुचत नाही. वस्तू जर काचेच्या फोकल अंतरावर असेल तर तिच्या एका बिंदूपासून निघालेले किरण काचेतून पलीकडे समांतर होऊन येतात. दोन्ही लेन्स इन्फिनिटीवर आहेत, दोघींना तो बिंदू एकाच दिशेला दिसतो, मग त्या एकमेकींपासून ४.२ सेंटिमीटर लांब असोत नाहीतर १० असोत. पॅरलॅक्स, म्हणजे दोन लेन्सच्या नजरेतला फरक, आपोआप शून्य. एका काचेत दोन कामं होतायत म्हटल्यावर नातू खूश, त्याच रात्री त्याने पुठ्ठ्याची फ्रेम करून काच बसवली.

तेव्हा मी एकच आग्रह धरला की रोल घालायच्या आधी फिल्मच्या जागी घासलेली काच लावून बघू. मागचं दार उघडायचं, जिथे फिल्म ताणली जाते त्या रुळांवर घासलेल्या काचेचा तुकडा खरबरीत बाजू लेन्सकडे करून टेपने चिकटवायचा, शटर बी वर (दाबून ठेवू तोवर उघडं) ठेवून केबल रिलीजने, म्हणजे शटर दाबायच्या लवचिक तारेने, उघडं अडकवायचं, आणि भिंगाने बघायचं. फिल्मला जे दिसणार तेच डोळ्याला दिसतं. घरगुती सामान बनवणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी आधी करावी, एक पैशाची फिल्म जात नाही.

बघितलं तर तारांना काठ फुटलेले. तानपुऱ्याच्या पोलादी आणि पितळी तारा चकचकीत, मागे घोडी गडद, आणि प्रत्येक तारेच्या एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला तांबूस झाक. काच दोन्ही लेन्सच्या मधोमध धरली की प्रत्येक लेन्स तिच्या केंद्रापासून २.१ सेंटिमीटर बाजूने बघते, आणि बाजूने बघितलं की काच प्रिझमसारखी वागते, रंग वेगळे होतात. चांगल्या सीआर-३९, म्हणजे चष्म्याच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा ॲबे नंबर (जेवढा जास्त तेवढे रंग कमी फुटतात) ५८ च्या आसपास असतो, तो धरून गणित केलं तर फिल्मवर जवळपास ०.०९ मिलिमीटरची रेघ पसरते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंग दिसत नाही पण तार जाड आणि मऊ दिसते, आठ इंची प्रिंटवर तर नक्की. जवारीच्या फोटोत तार मऊ दिसली तर राहिलं काय.

म्हणून मोठी काच बाद. नातवाला ते जड गेलं, मलाही, कारण कल्पना खरंच देखणी होती.

काय बनवलं

चष्मेवाल्या काकांकडून प्लस ३ ची एक जोडी घेतली. चष्म्याच्या काचा जोडीनेच मिळतात ही आपल्या कामाची गोष्ट, एक वरच्या लेन्सला, एक खालच्या. घेताना चार गोष्टी सांभाळल्या. नंबर फक्त गोल, सिलिंडर (एकाच दिशेला जास्त पॉवर असलेला नंबर) अजिबात नको. मटेरियल सीआर-३९, पॉलीकार्बोनेट नको, कारण त्याचा ॲबे नंबर ३० च्या आसपास म्हणजे रंगाची झाक दुप्पट. अँटिरिफ्लेक्शन कोटिंग हवं. आणि चौथी गोष्ट, जी आम्हाला काकांनीच सांगितली, ती म्हणजे दोन्ही काचा मशीनवर मोजून घ्यायच्या.

"पाकिटावर तीन लिहिलंय म्हणून तीन असंल असं नाही," काका म्हणाले, "थोडं इकडंतिकडं चालतं, डोळ्याला कळत नाही."

डोळ्याला कळत नाही पण इथे कळतं. एक काच ३.०० आणि दुसरी ३.१२ असेल तर एकीचा फोकस ३३.३ सेंटिमीटरवर आणि दुसरीचा ३२ वर, म्हणजे १३ मिलिमीटरचा फरक. वरून बघून फोकस केला तर फिल्मवर तेवढा मागेपुढे. ३३ सेंटिमीटरवर एफ ११ ला एकूण खोली मिळते साधारण २४ मिलिमीटर, म्हणजे पुढे १२ आणि मागे १२, त्यातून १३ गेले तर उरलं काहीच नाही. काकांनी ट्रेमधल्या काचा एकेक करून लेन्सोमीटरवर लावल्या आणि तंतोतंत जुळणाऱ्या दोन काढून दिल्या, प्रत्येकीच्या केंद्रावर शाईचा ठिपका पण मारून दिला. कोटिंगसकट जोडी पाचशेच्या आत पडली. माझ्या मते ह्या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची मदत ती होती.

केंद्राच्या बाबतीत मात्र फार ताण घ्यायची गरज नाही. काच एक मिलिमीटर बाजूला बसली तर फ्रेम एक मिलिमीटरच सरकते, त्याने काही बिघडत नाही.

आता रिंग. दोन्ही रिंगा एकाच वेळी लावायच्या तर प्रत्येकीचा बाहेरचा व्यास ४.२ सेंटिमीटरच्या आतच हवा, नाहीतर त्या एकमेकींवर आदळणार. म्हणून काच ३६ मिलिमीटरची गोल करून घेतली, ऑटोमॅटिक मशीनवर एवढी लहान करायला काका तयार नव्हते, त्यांनी हाताने दगडावर घासून दिली. बे-वनचं खटक्याचं बायोनेट घरी बनवणं अवघड आहे, तो नाद सोडला आणि कॅमेऱ्याच्या लेन्सच्या बाहेरच्या कडेवर नुसती दाबून बसणारी रिंग ठरवली. सांगलीत थ्रीडी प्रिंट करून मिळत होतं, ते चाललं असतं. पण ज्यांचे फोटो काढायचे होते त्या चाचांनी ऐकलं आणि म्हणाले माझ्याकडे खराद आहे, खुंट्या करतो त्यावर, रिंगा काय मोठी गोष्ट. तुनीच्या लाकडाचे उरलेले तुकडे होते, तेच लाकूड ते सतारीला वापरतात. दुसऱ्या दिवशी दोन रिंगा तयार, आतून काचेसाठी खाच, आणि नातवाने आतल्या बाजूला फळ्याचा काळा मॅट रंग लावला. काच बसवताना फुगीर बाजू वस्तूकडे आणि खोलगट बाजू कॅमेऱ्याकडे, हे लक्षात ठेवायचं.

ठिपका पुसायच्या आधी घासलेली काच परत लावून बघितलं. तारा स्वच्छ, एकेक वेगळी. कोपऱ्यात थोडी झाक होती पण तिथे महत्त्वाचं काही येणार नव्हतं.

पॅरलॅक्सचं काय

दोन स्वतंत्र काचा घेतल्यावर ४.२ सेंटिमीटरचा प्रश्न परत उभा राहिला. ह्याला जुना उपाय आहे, मामियाच्या टीएलआरसाठी पॅरामेंडर नावाचं उपकरण मिळायचं, ट्रायपॉड आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसतं, फ्रेम ठरवून झाली की दांडी फिरवून कॅमेरा दोन लेन्समधल्या अंतराएवढा वर उचलायचा, म्हणजे खालची लेन्स बरोबर वरचीच्या जागी येते. नातवाने म्हटलं आपल्या ट्रायपॉडला मधला दांडा आहेच की, त्यावर टेपने ४.२ ची खूण करू, फोटोच्या आधी तेवढा वर करू. वेगळं काही बनवायला नको.

घरात टेबलावर पुस्तक उभं ठेवून करून बघितलं, अचूक. म्हणून रोल घालून चाचांकडे गेला. आणि पहिला रोल जवळपास सगळा वाया गेला.

फ्रेम चुकलेली, आणि त्याहून वाईट म्हणजे फोकस गेलेला, घोडीच्या ऐवजी तिच्या पुढची, कॅमेऱ्याकडची बोटं धारदार. नातवाला आधी वाटलं काचाच जुळत नाहीयेत. निगेटिव्ह बघून कारण सापडलं. टेबलावर कॅमेरा सरळ होता. चाचा जमिनीवर बसून काम करतात, घोडी त्यांच्या मांडीपाशी, कॅमेरा वरून ४५ अंशात खाली झुकलेला. दांडा मात्र सरळ उभा वर जातो. दोन लेन्समधलं अंतर कॅमेऱ्याच्या अंगाने झुकलेलं आहे आणि आपण उचलतोय जमिनीच्या हिशेबाने, मग ४.२ पैकी फक्त ३ सेंटिमीटर कामाच्या दिशेला जातात, आणि तेवढाच कॅमेरा वस्तूपासून मागे सरकतो. तीन सेंटिमीटर मागे, आणि आपल्याकडे सवड एक सेंटिमीटरच्या थोडी वर. फोकस जाणारच होता.

इथे परत निर्णयाची जागा आली. एक उपाय म्हणजे कॅमेरा कायम आडवा सरळ ठेवायचा आणि चाचांना तानपुरा उंचावर ठेवून काम करायला सांगायचं. हे करता आलं असतं, ते हो म्हणाले असते. नातू नको म्हणाला. ते ज्या बैठकीत चाळीस-पन्नास वर्षं काम करतात ती मोडून काढलेला फोटो त्याला नको होता, आणि मला वाटतं फोटोंमध्ये आज जे आहे ते ह्या एका नकारामुळे आहे.

दुसरा उपाय म्हणजे उचलायची सोय ट्रायपॉडच्या डोक्याच्या वर करायची, म्हणजे कॅमेरा जसा झुकेल तशीच ती पण झुकेल. ह्यासाठी चाचांनीच ठोकळा बनवला.

"किती उंची पाहिजे सांग, केसाएवढा फरक पडायचा नाही," असं म्हणाले आणि खरंच पडला नाही.

रचना अशी. खाली एक जाड फळी, तिच्यात पाव इंची ट्रायपॉड स्क्रूसाठी पितळी नट ठोकून बसवलेला. फळीच्या दोन बाजूंना उभ्या पट्ट्या, त्यांच्यात खोबणी. कॅमेरा एका पातळ पाटीवर स्क्रूने पक्का, आणि ही पाटी त्या खोबणीतून वरखाली सरकते पण बाजूला हलत नाही. पाटी खाली टेकवून वरच्या लेन्समधून फ्रेम आणि फोकस करायचा, मग पाटी उचलायची आणि खाली ४.२ सेंटिमीटरचा ठोकळा सरकवायचा. कॅमेरा किलोभर वजनाचा, झुकलेला असताना पाटी घसरू नये म्हणून मागून एक रबर बँड, सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं. दिसायला साधंच आहे पण सतार करणाऱ्या हाताचं काम आहे, खोबणीत सैलपणा नावाला नाही.

बाकीचं सामान पटकन सांगतो. ३३ सेंटिमीटरचा न ताणणारा दोरा एका रिंगेला बांधला, अंधुक उजेडात व्ह्यूफाइंडरवर विश्वास बसत नसेल तर काचेपासून घोडीपर्यंत ताणून बघायचं. दाराच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलच्या शीटवर चांदीचा कागद चिकटवून रिफ्लेक्टर. काळ्या चार्ट पेपरचं चौकोनी हूड, चौकोनी एवढ्यासाठी की फ्रेम चौकोनी आहे आणि गोल हूड तेवढंच खोल केलं तर वरच्या लेन्सच्या जास्त आड येतं. फ्लॅशचा विचार झाला होता, तारांवर भपकन पांढरा डाग येतो म्हणून सोडला.

शटर कधी दाबायचं

१/४ सेकंदात कानस चालवणारा हात स्थिर येणं शक्य नाही. नातवाने आधी चाचांना थांबायला सांगून बघितलं, "चाचा, जरा असंच थांबाल का," आणि ते थांबायचे, पण थांबलेला हात थांबलेलाच दिसतो. मग तो एक अख्खा दिवस कॅमेरा न लावता नुसता बसला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कामातच एक थांबा आहे. कानस झाली, तार बसवली, छेडली, आणि मग चाचा ऐकतात. ते ऐकताना काहीच हलत नाही, बोट जिवाच्या दोऱ्यावर टेकलेलं असतं आणि मान वाकलेली. दोन-तीन सेकंद तरी. ठोकळा सरकवून तयार बसायचं, छेडल्याचा आवाज आला की केबल रिलीज दाबायचा. तार हलत असते त्यामुळे ती फोटोत किंचित फुगलेली येते, आणि बाजूची न छेडलेली तार धारदार. ज्याला माहीत आहे त्याला त्या फोटोत कुठली तार वाजतेय ते दिसतं. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण ह्या संचातले सगळ्यात चांगले फोटो तेच आहेत.

काय निष्पन्न झालं

ठोकळा आल्यानंतरच्या रोलमध्ये फ्रेम जिथे ठेवली तिथे आली. फोकस एफ ११ ला बहुतेक ठिकाणी बरोबर, जिथे चुकला तिथे तानपुरा मध्येच हलला होता. आठ इंची प्रिंटवर घोडीवरच्या कानशीच्या रेघा मोजता येतात. चाचांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर केला, डोळ्याजवळ नेली आणि फोटोबद्दल काही न बोलता म्हणाले, "ह्याचा बाक इथं अजून काढायला पाहिजे होता." ज्या फोटोतून कारागिराला आपल्या कामाचा बाक तपासता येतो तो धारदार आहे की नाही हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

खर्च म्हणाल तर काचा, रंग, नट, स्क्रू सगळं मिळून एका रोलच्या किमतीच्या आसपास. लाकूड आणि मजुरी चाचांनी घेतली नाही, नातवाने त्यांना प्रिंट्सचा एक संच करून दिला.

एक गोष्ट बिघडली. पावसाळ्यात रिंगा फुगल्या, एक तर लेन्सवर इतकी घट्ट बसली की काढताना कडेचा रंग निघाला. लाकूड हवेतला दमट ओढणारच, मिरजेत हे सगळ्यांत जास्त ज्यांना माहीत ते चाचाच, पण त्यांनी माप दिलं तसं बनवलं होतं आणि माप उन्हाळ्यात घेतलेलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

रिंगेचा आतला व्यास थोडा मोठा ठेवून आतून मखमलीची पट्टी चिकटवायला पाहिजे होती, दाबून पण बसली असती आणि फुगायला जागा पण राहिली असती. नातवाने आता तेच केलंय. प्लॅस्टिकची प्रिंट घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता, पण मग चाचा ह्या कामात शिरले नसते आणि ठोकळाही झाला नसता, त्यामुळे तो निर्णय मी चुकीचा धरत नाही.

दांड्याची चाचणी सरळ कॅमेऱ्यावर झाली, प्रत्यक्ष काम झुकलेल्या कॅमेऱ्यावर होतं. घासलेल्या काचेने लेन्स तपासली पण उचलण्याची सोय तपासली नाही. तीच घासलेली काच लावून, कॅमेरा ४५ अंशात झुकवून, दांडा वरखाली करून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं आणि पहिला रोल वाचला असता. घरी काही बनवणाऱ्याने चाचणी त्याच बैठकीत, त्याच झुकावात, जमलं तर त्याच खोलीत करावी, टेबलावर नको.

प्लस ३ च्या जोडीने सुरुवात केली तीही मला थोडी घाई वाटते. प्लस २ आधी घेतली असती तर ३५ सेंटिमीटरचा चौकोन मिळाला असता, त्यात दोन्ही हात येतात, फोकसची सवडही जास्त, एफ ११ ला पाच सेंटिमीटरच्या वर, आणि शिकायला सोपं गेलं असतं. नातवाचं म्हणणं वेगळं आहे, तो म्हणतो हातांचे फोटो सगळेच काढतात, मला घोडीच पाहिजे होती. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. प्लस २ ची जोडी आता त्याने मापून आणलीये, रिंगा त्याच वापरायच्या, फक्त काच बदलायची, आणि दोरा ५० सेंटिमीटरचा.

आणि ती मोठी काच. ती मी अजून टाकून द्यायला तयार नाही. रंग पसरतो तो सगळे रंग एकदम फिल्मवर येतात म्हणून, पुढे गडद हिरवा फिल्टर लावला तर बरीचशी झाक कापली जाईल, उजेड दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) जाईल पण उन्हात परवडेल. तिथे ठोकळा नको, उचलणं नको, बघायचं आणि दाबायचं. भोपळे वाळत घालतात ते उघड्यावर, त्यांच्या सालीचे फोटो काढायला ती चालेल असं मला वाटतं. फिल्टर मागवलाय, आधी घासलेल्या काचेवर बघणार आणि मगच रोल घालणार.